सरळ रस्त्याचा वेग वळणावर ठरतो

सुट्टी लागली की घरोघरी मोटार शर्यतीचे खेळ सुरू होतात. अम्मी दस्तरखानावर बोलावतात, असरची वेळ होते, तरी मुलांची ‘फक्त एक लॅप’ संपत नाही. आपण मोठी माणसे ओरडतो, पण त्या पडद्यावर नेमके काय चालले आहे ते क्वचितच पाहतो. या वेळी तेच पाहू या.

‘ग्रान तुरिस्मो’सारख्या खेळात टायरची पकड, गाडीचे वजन आणि ब्रेक यांचा हिशेब असतो. यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली याच खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ साली ल माँच्या २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत त्याच्या संघाला आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळाला.

मुलांची सर्वसाधारण तक्रार अशी की, “सरळ रस्त्यावर माझी गाडी मागे पडते.” दोष बहुधा सरळ रस्त्यावर नसतो, आधीच्या वळणात असतो. इटलीतील मोंझा ट्रॅक घ्या. त्याचे शेवटचे वळण एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर उघडते. त्या वळणातून बाहेर पडताना गाडी अडखळली, तर तो तोटा पूर्ण पट्टाभर सोबत येतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. गाडी सरळ असतानाच जोरात ब्रेक लावावा आणि वळू लागताना तो हळूहळू सोडावा. वळणात बाहेरच्या कडेने शिरावे, आतल्या कडेला टेकावे, पुन्हा बाहेरच्या कडेला निघावे. त्यामुळे वळण सौम्य होते. रेस मात्र स्टिअरिंग सरळ होत जाईल तशी वाढवावी. कारण टायरची पकड मर्यादित असते. ब्रेक, वळणे आणि रेस यांना ती वाटून घ्यावी लागते. एकाने सगळी घेतली तर गाडी घसरते. सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग उगाच हलवू नये, तेवढ्यानेही वेग खातो. सरावात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते.

थोडक्यात, आधी सब्र, मग वेग.

आता खरी गोष्ट. खेळात गाडी भिंतीवर आदळली तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. रस्त्यावर ते बटण नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, आणि समोरून मदरशातून घरी परतणारे लेकरू येत असते. शब-ए-बरातच्या रात्री मोटारसायकली पळवणाऱ्या मुलांना हे कोणी समजावले आहे का? अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जीव ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, आपलाही आणि दुसऱ्याचाही.

अब्बांनी एकदा मुलाशेजारी बसून विचारावे, “बेटा, इथे ब्रेक कुठे लावतोस?” तो उत्साहाने सांगेल. मग चावी देण्याचे वय झाल्यावर तोच प्रश्न रस्त्यावर विचारता येईल. आणि हो, अजान झाली की लॅप अर्धी असली तरी थांबायचे, हा नियम घरात आधीच ठरवून ठेवावा. ब्रेक वेळेवर लावण्याचा तोही सरावच आहे.