पण पोटापाण्याचं काय?

मागच्या रविवारी सिडकोतले आमचे शेजारी काका घरी आले. त्यांची मुलगी इथल्याच सरकारी कला महाविद्यालयात शिकते. आता म्हणते, स्वतःचे व्हिडिओ गेम बनवणार. "तू कंप्युटरवाला, जरा समजाव तिला. पोटापाण्याचं काय?" काका म्हणाले. समजाव म्हणजे अर्थातच नाद सोडायला लाव!

प्रश्न रास्त आहे. पण विचारला चुकीच्या माणसाला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. चित्रकार श्रुती घोष तिच्या संस्थापकांपैकी एक. २०१७ मध्ये त्यांनी 'राजी' या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. तिथे ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर एक छदामही हाती येत नाही. ती जमली नाही. तरी २०२० मध्ये 'राजी' आली. राजस्थानी वळणाचे महाल, पहाडी चित्रशैलीची छटा, गोष्ट सांगायला छायाबाहुल्या. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकनही मिळालं.

लगेच आपण म्हणणार, "बघा, गुणाला मरण नाही." साफ चूक! हा गेम आधी आला निन्टेंडो स्विचवर, आणि ते यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पुण्यात बनलेला गेम पहिल्यांदा विकत घ्यायला गिऱ्हाईक परदेशी! "आपल्याकडे असे गेम का बनत नाहीत?" म्हणून गळा काढणारे आपण तेव्हा कुठे होतो?

मी कुठे होतो ते सांगतो. कॉलेजात असताना औरंगाबादेत मी झाडून सगळे गेम कॉपी केलेल्या सीड्यांवर खेळलो. एक रुपया दिला नाही. दोनशे रुपयांचा पिक्चर महाग वाटत नाही, पण गेमला पैसे द्यायचे म्हटलं की हात आखडतो. मग चित्रकाराच्या पोटापाण्याचं काय हे आपणच विचारायचं, वा रे वा!

काकांची भीती खोटी नाही. पोरीने आधी बाहेरची कामं घ्यावीत, पगार चालू ठेवावा, आणि तीन महिन्यांत संपेल एवढाच छोटा गेम पूर्ण करावा. अर्धवट राहिलेल्या महाकाव्यापेक्षा तो बरा. वेरूळ अर्ध्या-पाऊण तासावर आहे, चित्रांना विषय कमी नाहीत.

असो. काल रात्री मी 'राजी' विकत घेतला. उशीरच झाला.

आणि काका, पोरीला पाठवा माझ्याकडे. समजावतो. चित्रं तिची, कोड माझा.