गणवेश आणि वेशभूषा

मराठी माणसाला नटाचे वेड आहे आणि सैनिकाचा अभिमान आहे. हे दोन्ही एकाच माणसात आढळले, तर मात्र आपण नटाला तेवढे ओळखतो आणि सैनिकाला विसरतो. १८ ऑगस्ट २०२५ रोजी अच्युत पोतदार यांचे निधन झाले. 'थ्री इडियट्स' या २००९ सालच्या चित्रपटात यंत्राची व्याख्या विचारणारे, पुस्तकी उत्तराने खूष होणारे आणि सरळ उत्तराने गोंधळणारे ते प्राध्यापक आपल्याला चांगलेच परिचयाचे होते. त्या दिवशी जो तो तोच प्रसंग एकमेकांना पाठवीत होता. परंतु हे गृहस्थ भारतीय सैन्यात अधिकारी होते आणि १९६७ साली कॅप्टनच्या हुद्द्यावरून बाहेर पडले, ही गोष्ट माझ्या वर्गातील बहुतेकांना मृत्युलेख वाचूनच कळली.

पोतदारांचे आयुष्य थोडक्यात सांगायचे, तर आधी मध्य प्रदेशात रीवा येथे अध्यापन, मग सैन्य, त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये सुमारे पंचवीस वर्षे नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर चित्रपटात प्रवेश. पुढे शंभराहून अधिक चित्रपट आणि 'वागळे की दुनिया'पासून मराठीतील 'माझा होशील ना'पर्यंत अनेक मालिका. आपण त्यांना ओळखतो ते कुणाचे तरी वडील, आजोबा, न्यायाधीश, मास्तर म्हणून. कडक इस्त्रीचा गणवेश एकदा खरोखर अंगावर घातलेला हा माणूस आपल्या लक्षात राहिला तो साध्या सदऱ्यात. मला ही गोष्ट विचार करण्यासारखी वाटते.

असे अन्यत्रही घडले आहे, आणि सर्वांत ठळकपणे घडले ते अमेरिकेच्या दूरदर्शनवर. तिकडे १९५५ नंतरची वीस वर्षे घोडेस्वार, डाकू आणि शेरीफ यांच्या मालिका घरोघर पाहिल्या जात. त्यांना 'वेस्टर्न' म्हणतात. कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत चित्रित झालेला 'शोले' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही जातकुळी निराळी समजावून सांगायला नको. या मालिकांतील सर्वांत दीर्घायुषी 'गनस्मोक'. ती १९५५ ते १९७५ अशी चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. तिचा नायक जेम्स आर्नेस हा साडेसहा फुटांहून उंच होता. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतील आन्झिओच्या किनाऱ्यावर फौज उतरली, तेव्हा पाणी किती खोल आहे हे कळावे म्हणून या उंच जवानाला होडीतून सर्वांच्या आधी उतरवले होते. पुढे काही दिवसांतच त्याच्या उजव्या पायाला गोळ्या लागल्या. ते दुखणे जन्मभर राहिले. वीस वर्षे प्रेक्षकांनी ज्याला ऐटीत घोड्यावर चढताना पाहिले, त्याला प्रत्येक वेळी चढताना त्रास होत होता.

'मॅव्हरिक'चा जेम्स गार्नर कोरियाच्या युद्धात दोनदा जखमी झाला. 'रॉहाइड'चा क्लिंट ईस्टवुड त्याच युद्धाच्या काळात लष्करात होता, पण तो राहिला कॅलिफोर्नियातील छावणीत, जवानांना पोहणे शिकवीत. आणि ज्याला सारी अमेरिका शूर सैनिकाची मूर्ती मानत आली, तो जॉन वेन? चित्रपटांत त्याने किती लढाया जिंकल्या! १९४९ साली त्याने रंगवलेला मरीन सार्जंट तर गाजलाच. प्रत्यक्ष दुसऱ्या महायुद्धात मात्र तो एक दिवसही सैन्यात नव्हता. हॉलिवूडमध्ये चित्रपट करीत होता. पडद्यावरचा रुबाब आणि प्रत्यक्षातली सेवा यांचा हिशेब असा जुळत नाही.

या ठिकाणी एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत १९७३ पर्यंत सक्तीची लष्करभरती होती. आर्नेस, गार्नर, ईस्टवुड यांना सरकारी हुकूम आला म्हणून ते गेले. आपल्या देशात मात्र भरती ऐच्छिक आहे. येथे जो गेला तो स्वतःहून गेला. तेव्हा आपल्या नटांतील सैनिक संख्येने थोडे असले, तरी त्यांची नोंद अधिक काळजीने घ्यायला हवी.

अमेरिकेला जसे वेस्टर्न, तसे आपल्या दूरदर्शनला १९८८ ते १९९० या काळातील रविवार सकाळचे 'महाभारत'. रस्ते ओस पडत, असे आमचे आईवडील सांगतात. त्यातील शकुनी म्हणजे गुफी पेंटल. अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असताना १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी ते लष्करात दाखल झाले. सीमेवर जवान रामलीला करीत, त्यात आपण सीता होत असू, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. त्यातील भीम म्हणजे प्रवीणकुमार सोबती. ते सीमा सुरक्षा दलाचे, आणि १९६६ व १९७० च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळवलेले. म्हणजे पाहा, जो शस्त्रापेक्षा फाशांसाठीच ओळखला जातो, त्या शकुनीची भूमिका सीमेवर पहारा केलेल्या माणसाकडे आली! आणि त्याने ती इतकी उत्तम केली की लोक त्याच्यावर मनापासून चिडत.

यावर कुणी म्हणेल, नट हा नट असतो. राजाची भूमिका करायला राजघराण्यात जन्मावे लागत नाही. मग सैनिकाची भूमिका करायला सैन्यात जावे, हा आग्रह कशासाठी? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. १९८९ साली दूरदर्शनवर 'फौजी' मालिका आली. तिच्यातला अभिमन्यू राय म्हणजे तेव्हाचा अगदी नवखा शाहरुख खान. तो सैनिक नव्हता. पण मालिकेचे दिग्दर्शक राज कपूर (चित्रपटवाले नव्हेत, सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल) होते. त्यामुळे त्या मालिकेतील पोरे उगीच छाती फुगवून संवाद म्हणत नाहीत. ती शिक्षा भोगतात, चेष्टा करतात, एकमेकांना सांभाळून घेतात. नटाला अनुभव नसला तरी चालतो, कुणाला तरी तो असावा लागतो, एवढाच याचा अर्थ.

माझा आक्षेप नटावर नाही, आपल्यावर आहे. आपण वेशभूषेलाच गणवेश समजू लागलो आहोत. पडद्यावर जो जास्त मोठ्याने गर्जतो तो जास्त देशभक्त, असे एक समीकरण आपल्या मनात ठसले आहे. प्रत्यक्ष सेवा केलेली माणसे या समीकरणात बसतच नाहीत.

नाना पाटेकर यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पोतदार गणवेशाकडून भूमिकेकडे आले, तर नाना भूमिकेकडून गणवेशाकडे गेले. १९९१ च्या 'प्रहार'मध्ये त्यांनी कमांडोंना शिकवणाऱ्या मेजर चव्हाणची भूमिका केली, दिग्दर्शनही स्वतःच केले. त्या भूमिकेसाठी त्यांनी खडतर लष्करी प्रशिक्षण घेतले आणि पुढे प्रादेशिक सेनेत त्यांना कॅप्टनचा मानद हुद्दा मिळाला. १९९९ साली कारगिलचे युद्ध पेटले, तेव्हा संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांची परवानगी घेऊन ते आघाडीवर गेले. तेथे ते थोडेच दिवस होते आणि त्यांच्याबरोबरचे जवान वर्षानुवर्षे होते, हा फरक कुणी विसरू नये. तरीही भाड्याने आणलेला वेश अंगावरून उतरवून ठेवण्याऐवजी त्याची जबाबदारी त्यांनी पत्करली, याला मोल आहे.

पण 'प्रहार'ची खरी गोष्ट मेजर चव्हाणची नाहीच. ती पीटर डिसोझा या जवानाची आहे. बेकरीवाल्याचा हा मुलगा एका कामगिरीत पाय गमावून घरी परततो आणि त्याच्याच वस्तीत हप्ता मागणारे गुंड त्याला मारून टाकतात. साक्ष द्यायला एकही शेजारी पुढे येत नाही. सीमेवर जे जमले नाही ते गल्लीतल्या लोकांच्या मौनाने केले. प्रशिक्षणाच्या दृश्यांना शिट्ट्या वाजवणाऱ्या आपणांस हा दुसरा भाग सोयीस्करपणे आठवत नाही.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना लेखाशास्त्रात एक नियम शिकवतात. धंद्याने वर्षानुवर्षे स्वतः कमावलेली ख्याती, म्हणजे गुडविल, ताळेबंदात दाखवीत नाहीत. पैसे मोजून विकत घेतलेली ख्याती तेवढी मालमत्तेच्या बाजूला मांडता येते. शिकताना हा नियम मला विचित्र वाटला होता. कमावलेली ती अदृश्य आणि विकत घेतलेली ती दृश्य! परंतु समाजाच्या वहीत आपणही नेमके हेच करतो. चित्रपटाने पैसे टाकून विकत घेतलेले शौर्य आपल्याला ढळढळीत दिसते, आणि ज्यांनी ते कमावले त्यांच्या नावापुढचा रकाना कोराच राहतो.

ऑडी मर्फी हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचा सर्वाधिक सन्मानित सैनिकांपैकी एक. पुढे तो वेस्टर्न चित्रपटांचा नायक झाला, १९६१ साली दूरदर्शनच्या एका वेस्टर्न मालिकेतही त्याने काम केले. १९५५ च्या एका चित्रपटात तर तो स्वतःचीच भूमिका करून स्वतःचेच युद्ध पुन्हा लढला. म्हणजे त्याने आपली ख्याती विकली, असे कुणी म्हणू शकेल. पण हाच माणूस रात्री उशाखाली भरलेले पिस्तूल ठेवून झोपत असे. सैनिकांच्या मनाला होणाऱ्या जखमांविषयी तो जाहीरपणे बोलला, आणि त्या काळी असे बोलणे सोपे नव्हते. १९७१ साली विमान अपघातात तो गेला. सर्वोच्च शौर्यपदक मिळवणाऱ्यांच्या थडग्यावर आर्लिंग्टनच्या दफनभूमीत सोनेरी अक्षरे कोरतात. मर्फीचा दगड त्याच्याच इच्छेप्रमाणे इतर जवानांसारखा साधा आहे.

आता दूरची उदाहरणे पुरेत. आपल्या गोव्याकडे वळू. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६९ साली 'सात हिंदुस्तानी' हा चित्रपट काढला. गोवा मुक्तीसाठी पोर्तुगीज हद्दीत शिरणाऱ्या सात जणांची ही कथा, आणि अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरही सर्वांना पाठ असते. पण १५ ऑगस्ट १९५४ रोजी आमच्याच पेडणे तालुक्यातील तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला होता, हे किती जणांना सांगता येईल? १८ डिसेंबर १९६१ रोजी दोडामार्गाच्या बाजूने जी ५० वी पॅराशूट ब्रिगेड आत शिरली, तिच्यातली दुसरी पॅरा बटालियन मराठा जवानांची होती, हे किती जणांना ठाऊक आहे? नायकाचे नाव पाठ आणि प्रत्यक्ष आलेल्यांची नावे पुसट, असे आपले सामान्यज्ञान आहे.

माझे गाव मोपा. एके काळी जेथे गुरे चरत तो आमचा सडा आता देशभर माहीत झाला आहे. दाभोळीचा विमानतळ नौदलाच्या ताब्यात. तेथे नौदलाची उड्डाणे आधी आणि नागरी विमाने नंतर. म्हणून दुसऱ्या विमानतळाची गरज निर्माण झाली आणि ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली. २०१४ ते २०१७ या काळात देशाचे संरक्षणमंत्री असलेल्या मनोहर पर्रीकरांचे नाव त्याला आहे. एखादा नट येथे उतरला की तरुण मुले त्याच्याभोवती गर्दी करतात. त्याच्या अंगात लष्करी ठिपक्यांचे जाकीट असले तर विचारूच नका! जवळच दाराशी बंदूक घेऊन खराखुरा जवान उभा असतो. त्याच्याकडे आपण पाहतो ते ओळखपत्र दाखवण्यापुरते. तेही एका अर्थी बरोबरच आहे, कारण तो कामावर आहे, आणि आपण त्याचा फोटो काढावा असे त्यालाही वाटत नसेल. पण दोघांपैकी कोण कामावर आहे आणि कोण वेशात आहे, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

मग करावे काय? सक्तीची भरती हा उपाय मी सुचवीत नाही. प्रत्येकाने गणवेश घालावा असेही नाही, जरी प्रादेशिक सेनेची वाट नोकरी-व्यवसाय सांभाळून सेवा करू इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठी खुली आहे, हे आपल्यापैकी काहींनी लक्षात ठेवावे. माझी सूचना लहान आहे आणि ती आपल्या महाविद्यालयापुरती आहे. स्नेहसंमेलनात दर वर्षी भाड्याचे गणवेश घालून समूहनृत्य होते. ते जरूर व्हावे, मुले मेहनत घेतात. पण त्याच व्यासपीठावर अर्धा तास गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला द्यावा. मराठीत, कोकणीत, कानडीत, ज्या भाषेत त्यांना मोकळे वाटेल त्या भाषेत त्यांनी बोलावे. आणि आपण त्यांना किती शत्रू मारले हे विचारू नये. लंगरमध्ये काय शिजायचे, सुट्टी नाकारली तेव्हा काय वाटले, घरी पैसे कसे पोहोचायचे, परत आल्यावर नोकरी शोधायला किती दिवस लागले, हे विचारावे. टाळ्या कमी पडतील, काही मुले उठूनही जातील. तरी चालेल. पोतदारांसारख्या माणसांनी मृत्युलेखापर्यंत वाट पाहावी आणि मग आपल्याला कळावे, यापेक्षा ते बरे.