तांबट आळीतलं डिझाइन

घरगुती वस्तू घडवणारी कुटुंबं, हा या अंकाचा विषय ठरला आणि पहिलं नाव आलं ते पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचं. पेशवाईपासून इथं तांबं ठोकलं जातंय. स्टील आलं, गीझर आला, घंगाळं आणि बंब माळ्यावर गेले. तरी काही घरांनी हातोडी खाली ठेवली नाही. त्याच हातांतून आता दिव्यांच्या शेड, ट्रे, फुलदाण्या उतरतात.

मठारकाम जवळून पाहावं. भांडं लोखंडी टेकूवर चढवून गोल फिरवत एकाला लागून एक ठोके. एखादा जरा सरकला तरी नजरेला खुपतो. या ठोक्यांनी तांब्याला चमक येते आणि पातळ पत्रा कडकही होतो. डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं विद्यार्थ्यांना इथं आणून बसवावं, असं मला मनापासून वाटतं.

अशा धंद्यात घर आणि कारखाना वेगळे नसतात. नवा आकार जेवतानाही ठरतो. पण तो नमुना जमेपर्यंत गेलेले दिवस बिलात कुठंच दिसत नाहीत. गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं. तांब्याची वस्तू घ्याल तेव्हा धातूबरोबर हाताचेही पैसे द्या, आणि घासाघीस न करता द्या.