घर-संसार : कपाटात बसविलेला फ्रीज



इंदूर शहरातील स्नेहलतागंज या वस्तीत राहणाऱ्या एका वाचकभगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्या लिहितात की, घराची डागडुजी करताना स्वयंपाकघरात भिंतभर लाकडी कपाटे करून घेतली, आणि सुताराने घरातील जुना उभा फ्रीज त्याच रांगेत बसवून वरून लाकडी दार लाविले. स्वयंपाकघर देखणे झाले खरे. परंतु उन्हाळा लागल्यापासून दूध नासू लागले आहे, यंत्र रात्रंदिवस घरघरत राहते आणि कपाटाची बाजू हाताला गरम लागते. घरात दोन लहान मुले आहेत, मधुमेहाने आजारी सासूबाई आहेत आणि त्यांचे इन्सुलिनही त्याच फ्रीजमध्ये असते. यात काही धोका आहे काय, आणि आपण काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आता एका शहरापुरता राहिलेला नाही. आमच्या खेड्यांतूनही मुलांच्या कमाईवर नवी घरे उठत आहेत, आणि त्या घरांत भिंतीतील कपाटांबरोबर भिंतीतील फ्रीजही येत आहे. म्हणून या भगिनीस द्यावयाचे उत्तर आम्ही सर्वच कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

थंडावा विकत घेण्याची सोय आपल्या देशात फार जुनी नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून तळ्यांचा बर्फ भरलेले जहाज कलकत्त्यास आले, तेव्हा बर्फ ही श्रीमंतांचीच चैन होती. खुद्द इंदुरात महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधविला. त्यात हवा थंड ठेवण्याची यंत्रणा होती, आणि त्या काळी ती मोठ्या नवलाची गोष्ट होती. १९५८ साली मुंबईच्या गोदरेज कंपनीने भारतात फ्रीज बनविण्यास प्रारंभ केला, आणि राजवाड्यातील थंडावा हळूहळू साध्या घरांत उतरला. तोपर्यंत आपल्या आया आणि आज्या शिंक्यावर, जाळीच्या कपाटात, किंवा पाणी घातलेल्या परातीत दुधाचे पातेले ठेवून भागवीत असत. त्या साधनांत उणिवा पुष्कळ होत्या. पण ती सदैव गृहिणीच्या नजरेसमोर असत. दूध फाटले की लगेच कळे. भिंतीत दडलेल्या यंत्राचे तसे नाही. ते दिसत नाही म्हणून त्याची आठवण राहत नाही, आणि सर्व अनर्थ येथूनच सुरू होतो.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. तो आतील पदार्थांतील उष्णता काढून घेतो आणि ती बाहेरच्या हवेत टाकतो. पूर्वीच्या फ्रीजच्या पाठीवर काळी जाळी दिसे, ती याचसाठी. आताच्या अनेक फ्रीजांत त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात, म्हणून बाजू गरम लागतात. ही उष्णता निघून जाण्यास वाट हवी. चारी बाजूंनी लाकडाने कोंडले की गरम हवा तेथेच साठते, यंत्राला विश्रांती मिळत नाही, विजेचे बिल वाढते, आणि एवढे होऊनही दूध गार होत नाही. स्नेहलतागंजच्या भगिनीच्या घरी हेच घडत असावे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कपाटात बसविण्यासाठीच बनविलेला फ्रीज वेगळा असतो; तो समोरूनच, पायाशी असलेल्या जाळीतून किंवा माथ्यावरून, हवा घेतो आणि सोडतो. उभा राहण्यासाठी बनविलेला साधा फ्रीज कपाटात कोंडल्याने तसा होत नाही. तोच वापरावयाचा असेल, तर वरचे लाकडी दार काढावे, बाजूंस, मागे आणि माथ्यावर यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितली असेल तितकी जागा मोकळी ठेवावी, कपाटाच्या तळाशी हवा आत येण्यास आणि माथ्याशी बाहेर जाण्यास झरोके पाडावेत. गरम हवा वर चढते, म्हणून केवळ खालचा झरोका पुरत नाही. मागून हे झरोके पिशव्या, वर्तमानपत्रे किंवा रिकामे डबे कोंबून बुजवू नयेत. खरा भिंतीतील फ्रीज असेल, तर तो कपाटास पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी पक्का जखडला आहे की नाही हे पाहून घ्यावे. कारण भरलेले जड दार पूर्ण उघडले असता सैल यंत्र पुढे झुकते, आणि खाली बहुधा मूलच उभे असते.

दुसरी गोष्ट विजेची. प्लग यंत्राच्या पाठीमागे असू नये; शेजारच्या कपाटात, हात पोहोचेल असा असावा. धूर दिसला किंवा शॉक बसला, तर यंत्र ओढून काढीपर्यंत कोण थांबणार? पिन तिहेरी हवी, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेलेले हवे, आणि लांबविलेल्या वायरीच्या पट्टीवर फ्रीज चालवू नये. वायरमन ज्यास आरसीसीबी म्हणतात, तो वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच घरात बसवून घेणे ही उधळपट्टी नव्हे. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ओल्या हाताने दार उघडण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. खेड्यात विजेचा दाब वरखाली होतो, तेथे स्टॅबिलायझर असावा; आणि वीज जाऊन आली की यंत्र पुन्हा सुरू होण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

तिसरी गोष्ट आतील वायूची. अगदी आरंभीच्या फ्रीजांत विषारी वायू वापरीत, आणि नळी फुटल्याने घरांतील माणसे दगावल्याचे प्रकार युरोप-अमेरिकेत घडले. पुढे १९३० च्या सुमारास विषारी नसलेला वायू सापडला, पण तो आकाशातील ओझोनचे कवच विरळ करतो असे दिसून आल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगाने तो हळूहळू सोडला. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद आहे. त्याचे प्रमाण थोडे, साधारणतः दीडशे ग्रॅमच्या आत, असते; तरी तो पेट घेणारा आहे आणि हवेहून जड असल्याने खाली साचतो. म्हणून बर्फ काढण्यासाठी सुरी, उलथणे किंवा स्क्रू-ड्रायव्हर कधीही वापरू नये. एका घावाने नळीस छिद्र पडते. तसे झाल्याचा संशय आला तर विस्तव किंवा काडी पेटवू नये, तेथील कोणतेही बटण दाबू नये, खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे आणि जाणत्या कारागिरास बोलवावे.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी उचलली, तिच्याकडे वळतो. पूर्वीच्या फ्रीजांना बाहेरून कडीसारखी पक्की खटकी असे. लपंडाव खेळताना मुले टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये शिरत, दार लागे, आतून उघडत नसे, आणि आतील हवा संपून ती गुदमरून मरत. अमेरिकेत अशा इतक्या दुर्घटना झाल्या की १९५६ साली तेथे आतून सहज उघडणारे दार सक्तीचे करणारा कायदा करावा लागला, आणि १९५८ च्या अखेरीपासून बनणाऱ्या फ्रीजांना तो लागू झाला. आज दाराला चुंबकाचे रबर असते, ते या दृष्टीने मोठी सोय आहे. परंतु आपला सुतार जेव्हा शोभेसाठी बाहेरून लाकडी दार लावतो आणि त्यास कडी किंवा कुलूप ठोकतो, तेव्हा ती सोय तो एका खिळ्याने रद्द करतो. भिंतीतील फ्रीजच्या दारास बाहेरून कडी कधीही लावू नये, ही आमची सर्व आईबापांस कळकळीची विनंती आहे. तसेच जुना फ्रीज अंगणात, गोठ्यात किंवा पडवीत टाकून ठेवावयाचा असेल, तर त्याच दिवशी त्याचे दार बिजागऱ्यांतून काढून ठेवावे. चुंबकाचे दार आतून ढकलता येते खरे. पण घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलास ते सुचेलच, याचा भरवसा कोणी द्यावा? मोडीत देतानाही तो वाटेल त्याच्या हाती देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीजचाही समावेश आहे. नोंदणीकृत केंद्राकडेच तो द्यावा. स्वच्छतेत देशभर नाव मिळविलेल्या इंदुरात तर हे मुळीच जड जाऊ नये.

अन्नाविषयी थोडे. थंडी जंतूंना मारीत नाही, त्यांची वाढ मंद करते, एवढेच. फ्रीजच्या आतील उष्णतामान ५ अंशांच्या आत आणि बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश असावे. लहानसा थर्मामीटर आत ठेवला म्हणजे अंदाजाने चालावे लागत नाही. शिजविलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि वैशाख-ज्येष्ठात तासाभरातच, आत जावे. मोठे पातेले गरम असताना तसेच न ठेवता अन्न लहान, उथळ भांड्यांत वाटून, वाफ निवल्यावर, झाकून ठेवावे. भाताविषयी विशेष सावध राहावे. शिजविल्यानंतरही त्यात तग धरणारे जंतू असतात आणि तो रात्रभर बाहेर राहिला तर पुन्हा गरम करूनही निर्धोक होत नाही. नाताळात आणि ईस्टरला घरी येणारे कच्चे मांस आणि मासळी झाकणाच्या भांड्यात सर्वांत खालच्या फळीवर असावी, म्हणजे तिचे पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकणार नाही. वीज गेली की दार उघडून पाहू नये; बंद राहिला तर फ्रीज सुमारे चार तास गारवा टिकवितो, आणि बर्फाचा पूर्ण भरलेला कप्पा दोन दिवसांपर्यंत.

सासूबाईंच्या इन्सुलिनसंबंधी या भगिनीने विशेष दक्ष असावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. ते बर्फाच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीस चिकटून ठेवू नये, कारण एकदा गोठले की ते टाकून द्यावे लागते. उष्णतेने बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा दिसण्यात जसेच्या तसे असते. दूध नासल्याचा वास येतो, औषध बिघडल्याचा येत नाही. ज्या फ्रीजमध्ये दूध टिकत नाही, त्यात राहिलेले इन्सुलिन डॉक्टरांस विचारल्यावाचून टोचू नये. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.

देखभालीस फार वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा आतील प्रत्येक वस्तू पाहावी. महिन्यातून एकदा प्लग काढून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आतून पुसावे, दाराचे रबर स्वच्छ करावे आणि पाणी वाहून जाण्याचे छिद्र मोकळे करावे. रबर घट्ट बसते की नाही हे पाहण्यासाठी दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली तर रबर बदलावे. वर्षातून दोनदा प्लग काढून जाळीवरील धूळ मऊ ब्रशाने झाडावी. यंत्र भिंतीत जखडलेले असेल तर ते स्वतः ओढू नये, कारागिरास बोलवावे.

निर्गमाच्या पुस्तकात वाचतो की, आज्ञा मोडून सकाळपर्यंत राखून ठेवलेल्या मान्नात किडे पडले. आणि शुभवर्तमानात वाचतो की, पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करविले. साठवण करणे पाप नव्हे, पण साठविलेल्याचा विसर पडणे हे देवाच्या देणगीचा अनादर करणे होय. फ्रीजमध्ये जागा आहे म्हणून शेजारच्या उपाशी घरी जाणारी वाटी थांबू नये, एवढेही आम्ही सांगून ठेवतो.

स्नेहलतागंजच्या भगिनीस आमचे उत्तर थोडक्यात असे : सुतारास आजच बोलवा आणि ते लाकडी दार उतरवा, सासूबाईंचे इन्सुलिन डॉक्टरांस दाखवा, झरोके पाडून होईपर्यंत फ्रीज कपाटाबाहेर, भिंतीपासून थोडा दूर उभा करा. स्वयंपाकघराची शोभा काही दिवस उणी होईल, तर होऊ द्या. आपल्या घरावर आणि घरातील लेकरांवर परमेश्वराचा आशीर्वाद असो.