केंटकी, १८३८ : मत बाईचे की मालमत्तेचे?

१/ ‘केंटकीने १८३८ सालीच स्त्रियांना शाळेच्या निवडणुकीत मत दिले, सेनेका फॉल्सच्या परिषदेच्याही दहा वर्षे आधी!’ स्त्री-मताधिकाराच्या कालपटांत हे वाक्य मोठ्या कौतुकाने येते. माझा आक्षेप या कौतुकाला आहे.

२/ मूळ तरतूद वाचा. मत मिळाले ते एकवीस वर्षांवरील विधवेला किंवा अविवाहित स्त्रीला, आणि तेही शालेय करास पात्र अशी मालमत्ता तिच्या नावे असेल तरच. पती हयात असलेल्या स्त्रीची चार मुले त्याच शाळेत शिकत असली, तरी ती बाहेरच. उलट अशी मालमत्ता असलेल्या अज्ञान बालकाचेही मत त्याच्या पालनकर्त्याने द्यावे, अशी सोय त्याच कलमात होती. विधिमंडळाला मतदार म्हणून कोण दिसत होते, ते यावरून कळते.

३/ पुढची हकिगत कालपटांत सहसा नसते. १८९४ मध्ये लेक्सिंग्टनसह काही शहरांतील स्त्रियांना शाळा मंडळासाठी मत मिळाले. १९०१ साली लेक्सिंग्टनमध्ये नोंदणी झालेल्या स्त्रियांत कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांहून अधिक भरल्या. १९०२ मध्ये विधिमंडळाने हा हक्कच काढून घेतला. १९१२ साली तो परत आला, पण साक्षर स्त्रियांपुरता. पुरुषांना ही अट नव्हती.

४/ ‘शाळा मालमत्ता करावर चालते, मग ज्याचा संबंध त्यानेच मत द्यावे,’ हा युक्तिवाद वरवर रास्त वाटतो. न्यूयॉर्कच्या कायद्याने तो विसाव्या शतकातही जपला होता. काही शालेय जिल्ह्यांत मतदार होण्यासाठी करपात्र स्थावर मालमत्तेचा मालक किंवा भाडेकरू, अशा व्यक्तीचा जोडीदार, अथवा सरकारी शाळेतील मुलाचा पालक असणे आवश्यक होते. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या क्रेमर नावाच्या अविवाहित तरुणाने त्याला आव्हान दिले. १६ जून १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ती अट रद्द केली.

५/ सरन्यायाधीश वॉरन यांनी दाखवलेली विसंगती फार नेमकी आहे. राज्याचा व केंद्राचा कर भरणारा, शाळेत रस घेणारा क्रेमर मतदार नाही. पण जिल्ह्यात खोली भाड्याने घेतलेला, कर न भरणारा, शाळेविषयी बेफिकीर बेकार तरुण मात्र मतदार! म्हणजे ‘संबंध’ मोजण्याचे मापच खोटे होते. (केवळ ‘संबंधित’ लोकांपुरते मतदान ठेवता येईल का, हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने खुलाच सोडला. विजयोत्सवात हेही विसरले जाते.)

६/ ‘मग पालकांच्या विशेष संबंधाला काहीच किंमत नाही का?’ आहे की! २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा मंडळासाठी मताचा हक्क दिला आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला. युक्तिवाद तोच, संबंधाचा. मात्र यादीतून त्यासाठी एकही नाव खोडावे लागले नाही.