इंग्रजीच्या वर्गात मराठी क्रियापदांना जागा हवी

मराठी माध्यमातून शिकलेला आणि पदवीपर्यंत पोचलेला विद्यार्थी इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख बहुतेक वेळा समजून घेतो. कायद्याची किंवा अर्थशास्त्राची जड पुस्तकेही तो नेटाने वाचतो. त्याच्या समोर दोन इंग्रज माणसे साध्या गप्पा मारू लागली, की मात्र तो अडतो. ‘दे कॉल्ड इट ऑफ’, ‘शी टर्न्ड हिम डाउन’, ‘आय कान्ट पुट अप विथ धिस’ या वाक्यांतला एकही शब्द त्याला नवा नसतो. कॉल, टर्न, पुट, अप, डाउन, ऑफ हे सगळे त्याने प्राथमिक शाळेतच पाठ केलेले असतात. तरीही बेत रद्द झाला, तिने त्याला नकार दिला, हे आता सहन होत नाही, हे अर्थ त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. या जोडक्रियापदांना इंग्रजी व्याकरण ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणते. ती मुळातच अवघड आणि नियमाबाहेरची आहेत, म्हणून घोकण्यावाचून उपाय नाही, असे आपण धरून चाललो आहोत. माझे मत वेगळे आहे. मराठी बोलणाऱ्याला ती समजायला जवळची वाट त्याच्याच भाषेतून जाते, आणि ती वाट आपण स्वतःच बंद केली आहे.

ती परक्यांना अवघड जातात हे खरे, आणि ते फार पूर्वीपासून माहीत आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परदेशी माणसाला सर्वांत जास्त त्रास देते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच नंतरचे. ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925 च्या पुस्तकातून रूढ झाले, आणि ते सुचवले ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. आपल्याला होणाऱ्या त्रासाला आणखी एक कारण आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, कोर्ट आणि विद्येच्या भाषेत फ्रेंच-लॅटिन क्रियापदे शिरली. घरात, शेतात आणि बाजारात जुनीच छोटी क्रियापदे चालू राहिली. भारतात इंग्रजी आली ती कोर्टकचेरी आणि विद्यापीठ यांच्या मार्गाने. मुंबई विद्यापीठ 1857 चे. त्यामुळे आपल्या वाट्याला ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इंटिमेट’ आणि ‘अॅसर्टेन’ आले. ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लेट नो’ आणि ‘फाइंड आउट’ राहून गेले. ‘एक्स्टिंग्विश’ हा शब्द आपण भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर वाचतो, पण आग विझवणारा इंग्रज माणूस बोलताना ‘पुट आउट’ म्हणतो.

आता मराठीकडे पाहू. ‘लिहिणे’ हे एकच क्रियापद घ्या. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक, या पाच आज्ञा पाच वेगळ्या कामांच्या आहेत, आणि शाळेत न गेलेल्या माणसालाही त्यांतला फरक अचूक कळतो. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांची चर्चा केली आहे. म्हणजे या रचनेकडे आपल्या व्याकरणाचे लक्ष शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. अशा जोड्यांत ‘काढणे’ जे काम करते, तेच इंग्रजीत बहुतेक वेळा ‘आउट’ करतो. शोधून काढणे म्हणजे ‘फाइंड आउट’, पुसून काढणे ‘वाइप आउट’, पिळून काढणे ‘रिंग आउट’, निवडून काढणे ‘पिक आउट’. काहीतरी आत किंवा दडलेले होते, ते प्रयत्नाने बाहेर आले, ही एकच कल्पना दोन्ही भाषांत आहे. ‘ईट अप’ आणि ‘युज अप’ मधला ‘अप’ काम पुरे झाल्याचे सांगतो. आपण तेच ‘खाऊन टाक’, ‘वापरून टाक’ असे म्हणतो. ‘टॉक ऑन’ मधला ‘ऑन’ म्हणजे बोलत राहणे. ‘स्टँड आउट’ साठी तर ‘उठून दिसणे’ यापेक्षा नेमका पर्याय कोशातही मिळणार नाही. दिशा दाखवणाऱ्या जोड्याही आपल्याकडे भरपूर आहेत. बैठक पुढे ढकलतात, शब्द मागे घेतात, मागणी उचलून धरतात, विनंती फेटाळून लावतात, संप मोडून काढतात. ज्या मुलाला ‘पुढे ढकलणे’ यातला ‘ढकलणे’ हाताने ढकलण्याचा नाही हे सहाव्या वर्षी कळते, त्याला ‘पुट ऑफ’ कळण्यात मुळात अडचण नाही.

भाषेचे अभ्यासक इथे एक रास्त आक्षेप घेतील. इंग्रजीत क्रियापदाला दिशादर्शक अव्यय जोडले जाते, मराठीत क्रियापदाला क्रियापद जोडले जाते. या दोन रचना एका जातीच्या नाहीत. हे मान्य आहे. म्हणूनच शब्दाला शब्द जुळवण्याचा उद्योग करू नये. ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘देऊन टाकणे’ असे शिकवले तर अनर्थ होईल, कारण ते आहे ‘सोडून देणे’ किंवा ‘हार मानणे’. वाक्याला वाक्य जुळले पाहिजे. शिवाय ‘टर्न इट डाउन’ म्हणताना ‘इट’ मध्येच का येतो आणि ‘टर्न डाउन इट’ का चालत नाही, याला मराठीत काहीच आधार नाही. ते सरळ नियम म्हणून शिकवावे लागेल. मराठी इथे अर्थाची ओळख करून देते, आणि अर्थ कळला की नियम डोक्यात राहायला सोपा जातो.

संशोधन काय सांगते? इस्रायलमधील डॅगट आणि लॉफर यांनी 1985 मध्ये दाखवले, की हिब्रू बोलणारे विद्यार्थी ही क्रियापदे टाळतात आणि त्यांच्याऐवजी एका शब्दाचे क्रियापद वापरतात. हिब्रूमध्ये अशी रचनाच नाही. नंतर 1989 मध्ये डच विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. डचमध्ये अशी क्रियापदे आहेत, आणि त्या विद्यार्थ्यांनी ती सरसकट टाळली नाहीत. जिथे इंग्रजी जोडी डचशी अगदी तंतोतंत जुळत होती, तिथे मात्र त्यांना शंका आली, आणि हे इंग्रजी असणार नाही असे समजून त्यांनी ती सोडली. साम्य आपोआप उपयोगी पडत नाही, कोणीतरी ते दाखवून द्यावे लागते, असा निष्कर्ष मी यातून काढतो. दुसरी माहिती धीर देणारी आहे. गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007 मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा इंग्रजी मजकुराचा संग्रह तपासला, तेव्हा सर्वाधिक वापरातल्या 100 जोड्यांनीच एकूण वापराचा निम्म्याहून किंचित जास्त भाग व्यापलेला आढळला. पण या 100 जोड्यांचे अर्थ 559 निघाले. ‘पिक अप’ म्हणजे फोन उचलणे, मुलाला शाळेतून घेऊन येणे, एखादी भाषा कानावर पडून शिकणे, आणि वाऱ्याने जोर धरणेही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एका ओळीत जोडी आणि तिच्यासमोर एकच प्रतिशब्द, अशा याद्या असतात. त्या निरुपयोगी का ठरतात, हे या आकड्यातूनच कळते. अर्थ जोडीत नसतो, तो वाक्यात असतो.

भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, मग इंग्लंडच्या घरगुती भाषेची उठाठेव कशाला, असेही विचारले जाते. आपसात बोलताना हा प्रश्न योग्यच आहे. ‘मी अमुक कॉलेजातून पास आउट झालो’ हे पुण्यात कोणालाही कळते. खडकवासल्याच्या ‘एनडीए’तल्या पासिंग आउट परेडचा शब्दही याच अर्थाचा, आणि तो तर ब्रिटिश सैन्याकडूनच आला. पण परदेशातल्या रुग्णालयात काम करणाऱ्या मराठी परिचारिकेला रुग्ण ‘आय पास्ड आउट’ म्हणतो, तेव्हा तो शुद्ध हरपल्याचे सांगत असतो. ‘आय थ्रू अप’ म्हणजे उलटी झाली. वेदनेत माणूस लॅटिन क्रियापदे शोधत बसत नाही. आपली बोली आपण खुशाल वापरावी, पण समोरच्याची समजलीच पाहिजे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यानंतर अनेक तुकड्या शिकून बाहेर पडल्या, तरी इंग्रजीच्या तासाला मराठी बोलले तर इंग्रजी बिघडते हा समज अनेक शाळांत टिकून आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेला आणि द्विभाषिक अध्यापनाला पाठिंबा दिला आहे, त्याचा आधार इथे घेता येईल. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच, की ‘फाइंड आउट’ शिकवताना त्याच्यापुढे ‘अॅसर्टेन’ लिहू नका. मुलाला आधी एक वाक्य द्या, मग विचारा, की हेच आजीला सांगायचे झाले तर तू कसे सांगशील? तो ‘शोधून काढ’ म्हणाला, की पुढचे इंग्रजी वाक्य त्यालाच करू द्या.