घरांतील यंत्रें : मध्यस्थाचा पत्ता

अकोल्यास वसतिगृहांत राहणारीं पातूरचीं मुलें नवरात्रांत रेणुकामातेच्या दर्शनास घरीं येतात, तेव्हां हल्लीं बरोबर संगणकहि येतो. आणि पुष्कळदां घरीं येतांच तो रुसून बसतो. टपाल उघडतें, वर्तमानपत्र दिसतें. पण ‘पॅकेज’ नांवाची नवी सामग्री मात्र उतरत नाहीं. वडील मंडळी यंत्र बिघडलें असा निकाल देऊन मोकळी होतात. आमच्या मतें हा निकाल घाईचा होय.

अनेक शिक्षणसंस्थांत संगणकास बाहेरच्या जगाशीं थेट बोलूं देत नाहींत. मध्यें ‘प्रॉक्सी’ हा दुसरा संगणक मुनिमासारखा बसतो. तो मागणी नोंदवितो, बाहेरून माल आणतो व सोय केली असल्यास त्याची प्रतहि जवळ ठेवतो. म्हणजे चाळीस विद्यार्थ्यांनीं तेंच मागितलें तरी बाहेरची खेप एकच. या मुनिमाचा पत्ता व दाराचा क्रमांक (प्रसिद्ध ‘स्क्विड’चा मुळांत 3128) पॅकेजें उतरविणाऱ्या ‘अ‍ॅप्ट’ला वेगळा सांगावा लागतो, ब्राउझरला सांगितलेलें त्याच्या कानीं जाईलच असें नाहीं. वसतिगृहांत ऐकलेला तो पत्ता अ‍ॅप्ट घरींहि इमानानें शोधीत बसतो. पातुरांत तो मुनीम कोठून भेटणार?

मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पांत ‘सिनॅप्टिक’वर एक सुबोध पाठ आहे. उबुंटूच्या 2010 सालच्या आवृत्तीवर तो दाखविला असून सिनॅप्टिक आतां निराळें बसवून घ्यावें लागतें. पण सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, नेटवर्क ही वाट तीच. घरीं तेथें ‘थेट जोडणी’ निवडावी. पत्ता अ‍ॅप्टच्या फाइलींत हातानें लिहिला असेल, तर ती ओळ काढावी.

मध्यस्थ माल बदलील ही भीति नको. पाठविणाराची सही जुळल्यावांचून अ‍ॅप्ट सहसा कांहीं बसवीत नाहीं. भीति आहे ती त्या ओळीची. तींत मुलाचें नांव व परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत असतो, आणि बहुधा त्या संगणकावर बसणाऱ्या कोणासहि तो वाचतां येतो. एकत्र कुटुंबांत बसणारे थोडे नसतात! त्या शब्दानें दुसऱ्यानें संस्थेंत केलेला उद्योग मुनिमाच्या वहींत आपल्या मुलाच्या नांवें चढेल, आणि जाब त्यालाच द्यावा लागेल. म्हणून ओळ काढल्यावर शब्दहि बदलून घ्यावा. नवा शब्द मुलानें एकट्यानें ठरवावा. काकांनीं खांद्यावरून पाहूं नये.